शिडाचा दोर तुटला तर आधी दोर कोणी खाल्ला ते शोधा

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढले आहेत, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.)

[००:००] आजचा विषय

कानात इअरफोन असतील, बस नाहीतर लोकलमध्ये असाल, किंवा सिडकोतल्या एखाद्या टपरीवर चहा येण्याची वाट बघत असाल, तर पुढची वीसेक मिनिटं माझ्यासोबत या. आजचा विषय आहे छोट्या शिडाच्या बोटीवरचे दोर आणि त्यांच्यासोबतचं लोखंडी सामान कसं बदलायचं.

मागच्या भागात मी सहज म्हणालो होतो की सप्टेंबरमध्ये मी बोटीच्या कामाला मुंबईला जातो. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न: "दादा, तू छत्रपती संभाजीनगरचा, सॉफ्टवेअरवाला. तुला बोटीचं काय?" बरोबर आहे. आपल्याकडे समुद्र नाही. मुंबईचं बंदर इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईत नोकरीला असताना मला शिडाच्या बोटीचा नाद लागला, आणि वर्क फ्रॉम होममुळे घरी परत आलो तरी तो सुटला नाही. बोट माझी नाही. एका सीनियरची आहे, २४ फुटांची. आम्ही चौघं मिळून ती सांभाळतो. रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडायची आणि सकाळी सीएसएमटीला उतरायचं.

पण हा भाग फक्त बोटवाल्यांसाठी नाही. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा तुटत असेल तर नक्की काय बदलायचं, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. कोडमध्ये तर रोजचाच.

[०१:४०] हॅलयार्ड म्हणजे काय?

शाळेतलं १५ ऑगस्टचं ध्वजारोहण आठवा. खांबाच्या टोकाला एक छोटी कप्पी असते, तिच्यावरून दोरी जाते. खाली ओढलं की झेंडा वर जातो. त्या दोरीला इंग्रजीत हॅलयार्डच म्हणतात, आणि बोटीवर शीड वर चढवणाऱ्या दोरालाही हेच नाव आहे. कामही तेच. फरक इतकाच की झेंड्याच्या दोरीवर झेंड्याचं वजन असतं, तर शिडाच्या दोरावर वाऱ्याची सगळी ओढ असते, तीही तासन् तास.

गावाकडच्यांसाठी अजून जवळचं उदाहरण सांगतो. मोट पाहिलेली माणसं आता कमीच. माझ्या आजोबांनी ती हाकलेली आहे. मोटेचा नाडा, म्हणजे तो जाड दोर, विहिरीच्या काठावरच्या चाकावरून जायचा. आजोबा सांगतात की नाडा मधेच कुठेही तुटत नसे. चाकावर जिथे घासला जायचा तिथेच तो आधी झिजायचा, म्हणून हात फिरवून बघायचा तो तिथेच. बोटीवरच्या दोराचा अर्धा अभ्यास या एका वाक्यात आला.

छोट्या बोटीला साधारण दोन शिडं असतात. मागचं मोठं ते मेन, पुढचं ते जिब. दोघांना आपापला हॅलयार्ड. दोर शिडाच्या वरच्या कोपऱ्यापासून निघतो, डोलकाठीच्या टोकाच्या कप्पीवरून वळतो, काठीच्या आतून किंवा बाहेरून खाली येतो आणि खाली क्लीटमध्ये अडकवला जातो. क्लीट म्हणजे दोर पकडून ठेवणारा खटका.

दुसरा प्रकार डोलकाठी उभी धरणाऱ्या तारांचा. पुष्कळांना वाटतं की डोलकाठी खांबासारखी रोवलेली असते. तसं नसतं. तंबूचा खांब जसा तणाव्यांवर उभा असतो, तशी डोलकाठी तारांवर उभी असते: पुढे एक, दोन्ही बाजूंना आणि बहुतेक वेळा मागेही एक. यातली एक तार किंवा तिची एक पिन सुटली, तर अख्खी काठी खाली येऊ शकते. म्हणून हलणाऱ्या दोरांचं आणि न हलणाऱ्या तारांचं काम वेगवेगळं समजून घ्यायचं. दोर तुटला तर शीड खाली येतं. तार सुटली तर डोलकाठीच जाते. काही छोट्या डिंग्यांमध्ये तर जिबचा हॅलयार्डच पुढच्या तारेचा ताण घेत असतो. तिथे दोर तुटला की काठीपण मागे झुकते.

[०४:३०] आमच्या बोटीवर काय झालं

एप्रिलची दुपार होती. मांडव्याच्या बाजूला होतो, वारा चांगला भरलेला. एक आवाज झाला, फटाक्याची लवंगी फुटल्यासारखा, आणि जिब सरळ पाण्यात. हॅलयार्ड तुटला होता. पुढची तार शाबूत होती, त्यामुळे काठीला धोका नव्हता. ओलं शीड दोघांनी ओढून आत घेतलं आणि मेन शिडावर हळूहळू परत आलो. कुणाला काही लागलं नाही.

किनाऱ्यावर आल्यावर मालक म्हणाले, "नवीन दोर टाकून देऊ." बोटीची जुनी वही काढली तेव्हा कळलं की आमच्या आधी जे लोक बोट सांभाळायचे त्यांनी हाच दोर दोन हंगामांत दोन वेळा बदलला होता. तोच जाडीचा, त्याच दुकानातला. म्हणजे हा तिसरा.

आता तुमच्यात जे आयटीवाले आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. सर्व्हर पडला, रीस्टार्ट केला, चालू झाला, तिकीट बंद. पुढच्या महिन्यात तोच सर्व्हर परत पडतो. दोर तुटणं हे लक्षण होतं. आजार दुसरीकडे होता.

तुटलेली दोन्ही टोकं शेजारी ठेवून पाहिली. दोर ताणामुळे तुटला असता तर तंतू सगळीकडून लांबून फाटल्यासारखे दिसले असते. इथे एका बाजूचे तंतू कापल्यासारखे होते आणि दुसऱ्या बाजूचे लांब. शिवाय ही जागा शीड पूर्ण चढल्यावर बरोबर वरच्या कप्पीवर येणारी. मोटेच्या नाड्यासारखीच.

डोलकाठी आडवी केली, कप्पी काढली, आणि गुन्हेगार सापडला. या बोटीला पूर्वी कधीतरी तारेचा हॅलयार्ड होता. तारेसाठीच्या चाकाची खाच अरुंद आणि खोल असते. दोराला रुंद आणि गोलसर खाच लागते. पुढे कुणीतरी तार काढून दोर घातला, पण चाक तेच ठेवलं. तारेने त्या चाकाच्या काठाला धार आणली होती. शीड दर वेळी चढलं की दोर त्या धारेवर घासत होता. नवा दोर कितीही भारी घेतला असता तरी पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा तिथेच असतो.

म्हणून आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: दोर बदलण्याआधी दोर कशाने खाल्ला ते शोधा. चाक, पिन, काठ, क्लीटचे दात, यातलं काहीतरी असतंच.

[०७:२०] कोणता दोर घ्यायचा?

दुकानात सगळे दोर पांढरे आणि चकचकीत दिसतात. पण आत काय आहे यावर सगळं ठरतं.

नायलॉन. मजबूत असतो, पण ताणला की लांबतो. नांगरासाठी हा गुण आहे, कारण झटका तो पोटात घेतो. हॅलयार्डसाठी मात्र दोष.

पॉलिप्रोपिलीन. जुन्या मोंढ्यात बांधाबांधीसाठी मिळणारे निळे-पिवळे दोर बहुतेक याचेच. पाण्यावर तरंगतो, स्वस्त असतो. पण उन्हात लवकर कुजतो आणि हातात भुगा येतो. बोटीवर फेकायची दोरी म्हणून ठीक आहे, शीड चढवायला नको.

पॉलिस्टर. छोट्या बोटीसाठी सगळ्यात व्यवहारी पर्याय. ऊन सहन करतो, कमी ताणतो, हाताला बरा लागतो. दुहेरी विणीचा घ्या, म्हणजे आत एक वीण आणि वर दुसरी.

डायनीमा. हे एका ब्रँडचं नाव आहे, पण दुकानात सगळे तेच म्हणतात. हा धागा म्हणजे खास प्रकारे ओढून काढलेलं पॉलिथिलीन. वजनाच्या मानाने स्टीलपेक्षाही कितीतरी ताकदवान, ताणत जवळजवळ नाही, पाण्यावर तरंगतो. तोटे दोन. एक, महाग. दुसरा, तो इतका गुळगुळीत असतो की साध्या गाठी सरकतात आणि क्लीट नीट पकडत नाही. म्हणून आत डायनीमा आणि वर पॉलिस्टरचं वेष्टन असा दोर मिळतो. उष्णतेचंही लक्षात ठेवा: डायनीमा साधारण १४५ अंश सेल्सिअसला वितळतो, पॉलिस्टर २५० च्या पुढे.

ताणाचं एवढं काय? हिशेब करू. काठी ९ मीटरची धरा. शिडाच्या टोकापासून खालच्या क्लीटपर्यंत साधारण ९ मीटर दोरावर ताण आहे. दोर २ टक्के ताणला तर १८ सेंटीमीटर झाले. म्हणजे वाऱ्याचा जोर वाढला की शीड एक वीतभर खाली येतं. पुढची कड सैल पडते, शिडाचं पोट मागे सरकतं, आणि बोट पुढे पळण्याऐवजी आडवी कलायला लागते. ज्या क्षणी शीड सपाट हवं, नेमकं तेव्हाच ते फुगतं. म्हणून हॅलयार्ड कमी ताणणारा हवा.

आम्ही मेनसाठी पॉलिस्टर आणि जिबसाठी डायनीमाच्या गाभ्याचा दोर घेतला, दोन्ही ८ मिलिमीटर. आमच्या बोटीच्या वजनाला ६ मिलिमीटरही पुरला असता, पण ओल्या हाताने ओढताना बारीक दोर बोटं कापतो. जाडी कधी कधी दोरासाठी नसते, हातासाठी असते. मात्र आधी चाकाच्या खाचेत ती जाडी बसते का ते बघा. दोर खाचेच्या बाहेर राहिला किंवा चाक आणि गाल्याच्या फटीत शिरला, की शीड वर अडकतं. खाली न येणारं शीड हे तुटलेल्या दोरापेक्षा वाईट. मे महिन्यातला वळवाचा वारा अचानक सुटतो, आणि तेव्हा शीड उतरलंच नाही तर बोट तुमच्या हातात राहत नाही.

लांबी: काठीच्या दुप्पट, अधिक खाली काम करायला ३-४ मीटर, अधिक अर्धा मीटर शिल्लक. ही शिल्लक कामाची आहे. दर हंगामाला शिडाकडचं टोक थोडं कापून नवी गाठ मारली की कप्पीवर येणारी जागा बदलते. झीज एकाच ठिकाणी साचत नाही, दोर जास्त टिकतो.

[११:००] जुन्याच्या शेपटीला नवा

आता प्रत्यक्ष काम. पहिला नियम: जुना दोर ओढून काढून टाकायचा नाही. तो काठीच्या आतून गेलेला आहे. एकदा का मोकळा सुटला, की नवा घालायला काठी उतरवावी लागते आणि वरून सायकलच्या साखळीचा तुकडा दोऱ्याला बांधून आत सोडत बसावं लागतं. ही युक्ती चालते, पण अर्धा दिवस जातो.

त्याऐवजी जुन्या दोराच्या टोकाला नव्या दोराचं टोक जोडायचं. गाठ मारायची नाही, कारण गाठ कप्पीतून जाणार नाही. दोन्ही टोकं समोरासमोर आणा. मेणाच्या जाड दोऱ्याने सुईने आरपार सात-आठ टाके घाला, एका दोरातून दुसऱ्यात. मग इलेक्ट्रिकल टेप घट्ट गुंडाळा, दोन्हीकडे निमुळता होत जाईल असा. झाल्यावर दोन्ही हातांनी जोरात हिसडा द्या. जोड सुटायचाच असेल तर तो तुमच्या हातात सुटू दे, काठीच्या मध्यावर नको.

दोन माणसं लागतात. एकजण नवा दोर सरळ सोडत राहतो, पीळ पडू न देता. दुसरा जुना ओढतो. अडकलं तर जोर लावायचा नाही. हातभर मागे, पुन्हा पुढे. जोड कप्पीवर आला की थोडा अडखळतोच. वरून जाऊन खाली आला की झालं.

आयटीवाल्यांना ही पद्धत चांगली माहीत आहे. नवं पूर्ण चालू होईपर्यंत जुनं बंद करायचं नाही.

टोकं: गरम सुरीने कापली की पॉलिस्टरचे तंतू वितळून चिकटतात. पण फक्त वितळवलेलं टोक काही महिन्यांत फुटतं, म्हणून त्यावर मेणाच्या दोऱ्याचे घट्ट वेढे द्या. क्लीटकडच्या टोकाला इंग्रजी आठच्या आकाराची गाठ मारा, म्हणजे दोर चुकून हातातून सुटला तरी काठीत गायब होणार नाही.

शिडाकडच्या टोकाला दोन पर्याय: गाठ किंवा स्प्लाइस. गाठीत दोर एकदम तीव्र वळतो. बाहेरच्या बाजूच्या तंतूंवर सगळा ताण येतो आणि आतले नुसतेच बसून राहतात. म्हणून चांगली बोलाइन गाठ मारली तरी दोराची साधारण तिसरा हिस्सा ताकद जाते. स्प्लाइसमध्ये दोर स्वतःच्याच पोटात परत घालतात, त्यामुळे ताण सगळ्या तंतूंत वाटला जातो आणि ताकद बरीच टिकते. पॉलिस्टरला बोलाइन पुरते. डायनीमाला स्प्लाइसच करा. हे काम बोटीवर करायची गरज नाही. मी दोर घरी घेऊन येतो आणि रविवारी गच्चीवर बसून स्प्लाइस करतो. शेजारचे काका विचारतात, "झोपाळा बांधतोयस का?"

[१४:००] शॅकल, पिना आणि वाळूजचं स्टील

दोरानंतर धातू. हा भाग आपल्या शहराच्या जवळचा आहे, कारण वाळूजच्या एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलचं काम करणारी वर्कशॉप्स भरपूर. पण तिथे जाऊन फक्त "एसएस द्या" म्हटलं तर बहुतेक वेळा ३०४ ग्रेडचं मिळतं. आपल्या कोरड्या हवेत ते वर्षानुवर्षं चमकतं. समुद्रावर मात्र ३१६ मागा.

फरक काय? स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण म्हणतो. खरं तर त्याच्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनसोबत एक अतिशय पातळ थर तयार करतं, आणि तो थर आतल्या लोखंडाला सांभाळतो. मिठातलं क्लोराइड हा थर ठिपक्याठिपक्यांनी फोडतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे हा थर क्लोराइडपुढे जास्त टिकतो. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही. दुकानदाराचा सर्टिफिकेट किंवा सुट्यावर कोरलेला ग्रेड बघा.

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. स्टेनलेसला हवा लागते. टेपने घट्ट, हवाबंद गुंडाळलेल्या जोडात खारट पाणी शिरतं, ऑक्सिजन संपतो, तुटलेला थर पुन्हा तयार होत नाही आणि गंज आतल्या आत वाढतो. वरून टेप छान, आत पिन अर्धी खाल्लेली. म्हणून टेप फक्त टोचणारी टोकं झाकण्यापुरती लावा.

दुसरी गोष्ट, दोन धातूंचं भांडण. डोलकाठी ॲल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेसचे, मधे खारं पाणी. ही झाली बॅटरी, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी पूड दिसली तर समजा काम चालू झालंय. नवा सुटा बसवताना मधे नायलॉनचा वॉशर किंवा गंजरोधक पेस्ट द्या.

आता यादी. आम्ही बसवलेलं आणि तपासलेलं, वरून खाली:

१. वरची कप्पी. चाक बोटाने फिरतं का, काठ गुळगुळीत आहे का, खाच दोराच्या जाडीची आहे का. आम्ही दोन्ही चाकं बदलली.

२. शिडाच्या टोकाचा शॅकल. शॅकलची पिन थरथरीने हळूहळू सुटते. घट्ट केल्यावर पिनच्या भोकातून बारीक तार ओवून बांधा, किंवा निदान केबल टाय. ही दोन मिनिटांची गोष्ट शीड वर असताना पिन सुटण्यापासून वाचवते.

३. बाजूच्या तारा. तारेचा एखादा बारीक धागा तुटला तर तो डोळ्याला दिसत नाही, हाताला मात्र कापतो. म्हणून हात फिरवायचा नाही. मराठवाड्याचा उपाय: कापसाचा बोळा. तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. जिथे कापूस अडकून राहील तिथे धागा तुटलाय. एकही धागा तुटला असेल तर ती तार बदला. एकोणीस धाग्यांच्या तारेत एक गेला म्हणजे बाकीचे अठराही तेवढेच जुने आहेत.

४. तारेची दाबून बसवलेली टोकं. केसासारखी चीर किंवा तपकिरी ओघळ दिसला तर बदला. नुसतं घासून पुसून काढू नका, तो ओघळ तुम्हाला आतली बातमी सांगत असतो.

५. टर्नबकल. तार कमी-जास्त ताणायचा आटे असलेला सुटा. याच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे, म्हणून मधलं अंग फिरवलं की दोन्ही टोकं एकदम जवळ येतात. ताण नक्की झाला की कॉटर पिन घाला, म्हणजे तो आपोआप फिरणार नाही. पिनचे पाय थोडेसेच फाकवा. पूर्ण मागे वाकवले तर पुढच्या वेळी निघत नाहीत आणि वाकवून-सरळ करून तुटतात.

६. जाड पिना आणि त्यांची भोकं. भोक गोल हवं. लांबट झालं असेल तर पिन नवी घालून उपयोग नाही, तो पत्रा बदलायचा. इथेही तोच नियम: पिन कशाने झिजली?

काम करताना एका वेळी एकच तार सोडा. ती परत लागल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. स्टेनलेस तारांचा ठोकताळा बरेच जाणकार १० वर्षांचा सांगतात, पण आपल्याकडच्या ऊन, दमट हवा आणि मिठात मी तारीख जवळची धरतो. तारेची जन्मतारीख वहीत लिहा. वही नसेल तर फोनमध्ये रिमाइंडर लावा. फोन तर हातात आहेच.

[१७:३०] त्या दोरावर माणूसही चढतो

हे सगळं एवढं सांगायचं खरं कारण हे आहे. डोलकाठीच्या टोकावर काम असेल तर माणसाला कापडी खुर्चीत बसवून वर ओढतात. कशाने? हॅलयार्डने. म्हणजे ज्या दोराला आपण वर्षभर 'चालतोय ना' म्हणतो, त्याच्यावर एक दिवस मित्राचा जीव टांगतो.

त्यामुळे आमच्या बोटीवर काही गोष्टींवर चर्चा होत नाही. संशय असलेल्या दोरावर कुणी चढत नाही. छोट्या बोटीची काठी आडवी करता येते, आधी तीच करतो. चढायचंच असेल तर दोन वेगवेगळे दोर, दोन वेगवेगळ्या कप्प्यांवरून. खुर्चीला झटपट उघडणारा हुक लावायचा नाही, दोर थेट गाठीने बांधायचा. आधी खालीच, जमिनीपासून फूटभर उचलून उड्या मारून बघायचं. हत्यारं दोरीने खुर्चीला बांधलेली. खाली कुणी उभं राहायचं नाही. ९ मीटरवरून पडलेला पाना डोक्यावर काय करेल ते सांगायला नको.

हे काम पाण्यावर नाही, जमिनीवर करायचं. मुंबईत जून ते सप्टेंबर छोट्या बोटी पाण्याबाहेर असतात. हा काळ म्हणजे फुकट मिळालेली संधी. दोर सोडवा, साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा. मिठाचे कण दोराच्या आत काचपुडीसारखं काम करतात, ते धुतल्यानेच निघतात. ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात उतरायच्या आत सगळं जागेवर हवं.

[१९:००] अजिंठ्यातली बोट

शेवटी आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट, कारण 'आपल्याकडे समुद्र नाही' हे अर्धंच खरं आहे. शहरापासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याची दुसऱ्या क्रमांकाची लेणी आहे, आणि तिच्यात शिडाच्या जहाजाचं चित्र आहे. अजिंठ्याच्या चित्रांतल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून नौदलाने खरं जहाज करायचं ठरवलं. जुलै २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. फळ्या खिळ्यांनी नाही, काथ्याच्या दोरीने शिवल्या. काम केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली केलं. चित्र सपाट, नकाशा कुठेच नाही, त्यामुळे बुडाचा आकार पाण्यात कसा वागेल ते आयआयटी मद्रासमध्ये तपासावं लागलं. २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात आलं, नाव 'कौंडिण्य'.

गोव्याचंच आणखी एक उदाहरण: दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेली 'म्हादेई'. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले, एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. वाटेत फक्त चार थांबे: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाऊन. दोन थांब्यांच्या मधे नागदेवी स्ट्रीट नाही आणि वाळूजही नाही. जे सोबत आहे आणि निघण्याआधी जे तपासलंय, तेवढंच.

आमचा पल्ला गेट वे ते मांडवा. पण तपासायची पद्धत तीच. नव्या चाकावर तो जिबचा दोर आता दोन हंगाम चाललाय. परवा कप्पीवर येणाऱ्या जागेवर नखाने खरवडून पाहिलं, वेष्टनाचा एकही तंतू उभा नव्हता.

तुमच्या घरात, शेतात, ऑफिसात पुन्हा पुन्हा तुटणारी एखादी गोष्ट असेल, आणि तुम्ही तिचं खरं कारण शोधून काढलं असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. पंपाचा पट्टा असो नाहीतर सर्व्हर, निवडक नोट पुढच्या भागात ऐकवेन. तोवर भेटू. काळजी घ्या!